खिळ्याची कावीळ

तेरवी होऊन गेली तरी नालवाडीच्या आमच्या घरी लोक बसायला येतच होते. दारात चपला काढतानाच चेहरा लांब करायचा, सतरंजीवर टेकायचं, थोडा वेळ पंख्याकडे पाहायचं आणि मग विचारायचं, "कसं झालं?" खरं तर एवढ्यासाठीच ते आलेले असत. मी सांगत होते, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, सुरुवात काविळीनं झाली. कॅन्सर हा शब्द ते ऐकून सोडून देत. काविळीपाशी मात्र थबकत. एकानं आवाज खाली आणून विचारलं, "सर थोडी घेत होते का?" माझ्या नवऱ्यानं जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. दारूचा थेंब त्यानं कधी तोंडाला लावला नाही. विचारणाऱ्याच्या तोंडाला सकाळी खाल्लेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास येत होता.

मी उत्तर दिलं नाही. मी फारशी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि शोकात तर न बोलणं शोभून दिसतं. त्यामुळे मला किती तिरस्कार वाटत होता, ते कुणाला कळलं नाही.

एका दुपारी तळेगावकडची एक म्हातारी आली. लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात पिशवी. तिच्यामागे तिची भाची, कॉलेजात जाणारी. म्हातारी बसली आणि पंख्याकडे न पाहता थेट माझ्याकडे पाहत म्हणाली, "सायबाले माळ नाई घातली का वो, डॉक्टरीनबाई?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी उठून आत गेले असते. पण म्हातारीच्या मागून ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती माळ काय प्रकरण होतं, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

मी मुलांच्या मानसोपचार वॉर्डात काम करते. म्हणजे जी मुलं घरी ठेवता येत नाहीत, ती बरी होईपर्यंत आमच्याकडे राहतात, सोबत घरचं एक माणूस. मुलांचा मला कधी कंटाळा आला नाही. भिंतीवर डोकं आपटणारा मुलगा, जेवण थुंकणारी मुलगी, मला चावलेलं एक पोर, यांच्यातल्या कुणाविषयी माझ्या मनात वाकडं काही नाही. तिरस्कार वाटतो तो त्यांना घेऊन येणाऱ्यांचा.

आमच्या वॉर्डात मानसिक आजाराचं मूल दाखलच होत नाही. टायफॉइडची होतात, रक्त कमी झालेली होतात, अपेंडिक्सची होतात. एका मुलाच्या घरच्यांनी गावात किडनी स्टोन सांगितला होता आणि त्याचा काका खडा पाहायला मागत होता. नातेवाइकांनी बाहेर सांगितलेले आजार एकत्र केले तर त्यावर एक मोठं जनरल हॉस्पिटल चालेल. आम्हा डॉक्टरांचंही काही वेगळं नाही. दरवर्षी जनजागृती सप्ताह होतो, रांगोळी स्पर्धा होते, जांभळ्या रंगाच्या मेंदूला पहिलं बक्षीस मिळतं. एका वर्षी परीक्षक असलेल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी बक्षीस देऊन झाल्यावर मला बाजूला घेतलं. त्यांच्या पुतण्याला तपासायचं होतं. "पण घरी येऊन बघा," म्हणाले. "वॉर्डात नको. ओळखीचे लोक असतात."

म्हातारीमागे बसलेली ही मुलगी वॉर्डात आली तेव्हा अकरावीत होती. वडिलांचं पुलगावात कापडाचं दुकान. तिला वर्षभर आवाज ऐकू येत होते. तिनं भांडं घासलं तर ते म्हणत, पाहा, भांडं घासते. ती जेवली तर म्हणत, पाहा, खाते. आधी तिला नागपूरला एका दवाखान्यात ठेवलं होतं. आठवडाभरात झोप लागायला लागली, तशी वडिलांनी सही करून तिला घरी नेलं. गोळ्या बंद केल्या. पुढच्या महिन्यात ती रेल्वेच्या रुळावरून चालताना सापडली. रुळांवर काम करणाऱ्या एका गँगमननं हात धरून बाजूला ओढलं, मागून मालगाडी येत होती. मी विचारलं तेव्हा तिनं खाली पाहत सांगितलं, "ते म्हणत होते, चालत राह."

तेव्हा आमच्यापुढे प्रश्न एकच होता. औषधाला पुरेसे आठवडे मिळाले तर ही मुलगी वाचेल. अर्धवट असताना परत नेली तर रूळ घरापासून फार दूर नव्हता.

वडील सभ्य होते. सभ्य माणसांची मला जास्त भीती वाटते. दाखल करून झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, एक रिक्वेस्ट हाय. आम्ही घरी कावीळ सांगितली. कोणी विचारलं तं तुमी बी तेच सांगजा."

"मी खोटं सांगणार नाही. कुणी विचारलं तर काहीच सांगणार नाही."

"काहीच नाई सांगितलं तं लोक समजून जातात ना," ते म्हणाले. "मोठीची सोयरीक जमून राह्यली, मॅडम. इज्जतीचा सवाल हाय."

एका मुलीच्या लग्नासाठी दुसरीचा आजार बदलून घ्यायचा, हे त्यांनी मला दुकानात माप बदलून द्यावं तितक्या सहजपणे सांगितलं. मुलीची आई पलंगाच्या कडेला बसून साडीच्या काठाशी चाळा करत होती.

पण आमच्या भागात आजार नुसता सांगून भागत नाही. आजार सांगितला की लोक त्याचा इलाज घेऊन येतात. पहिल्याच रविवारी पेशंट पाहायला माणसं लोटली. दारावर वॉर्डाचा फक्त नंबर असल्यानं त्यांना शंका आली नाही. उसाचा रस डब्यात भरून आणला. फुटाणे आणले. तेल बंद, हळद बंद, असं आईला बजावलं. जी मुलगी आधीच घास मोजून खात होती, तिच्यापुढे बिनतेलाची, बिनहळदीची भाजी आली, आणि खोटं उघडं पडू नये म्हणून आईनं ती तिला भरवली. मी वॉर्डातून फिरताना हे पाहिलं आणि तो डबा बाहेर ठेवायला सांगितला. आईनं दुसऱ्या दिवशी परत तसाच डबा आणवला. दार लोटलेलं असतानाही, ज्यांना आपण फसवतो आहोत ते पाहत आहेत, अशा धाकानं हे लोक जगतात.

त्या गर्दीत तळेगावची आत्या होती, हीच म्हातारी, वडिलांची मोठी बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा. तिनं मुलीची खालची पापणी ओढून पाहिली.

"काऊन रे, पोरीचे डोये तं पांढरेच दिसून राह्यले."

वडील घाईनं पुढे आले. "सुरुवात हाय ना, ताई."

"आतून असंन," आत्या म्हणाली. "आतली कावीय लय खराब. वरून दिसत नाई. बरं झालं मी माळ आणली."

पदराच्या गाठीतून तिनं माळ काढली. वर्धेच्या माणसाला माळ सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कुठल्याशा वेलीच्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ते कच्च्या दोऱ्याचे वेढे घालून गुंफलेले असतात. माळ देणारा पैसे घेत नाही, नारळ घेतो. माळ गळ्यात घालायची. ती दिवसेंदिवस आपोआप लांबत जाते. छातीवरून पोटावर, पोटावरून गुडघ्यावर, आणि पायाला टेकली की कावीळ उतरली. हजारो माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर मग विचार करायची गरज कुणाला वाटत नाही.

आमच्या वॉर्डात ओढणी, नाडा, दोरी काही ठेवू देत नाहीत. मी माळ हातात घेतली, दोरा ताणून पाहिला. बोटाच्या झटक्यानं तुटेल इतका कच्चा होता. तरीही मी नको म्हणाले असते. पण मुलीनं, जी आल्यापासून मान वर करत नव्हती, स्वतःहून मान पुढे केली होती. मी घालू दिली. सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं.

जाताना आत्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माळ पायाले लागली का घरी आणा पोरीले. दवाखान्यात जास्त ठेवू नये. सोबतीनं दुसरंच काही लागते."

वडिलांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मला येऊन म्हणाले, "मॅडम, माळ उतरली का मी नेतो तिले."

मी म्हटलं, "तिला कावीळ नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"मले माहीत हाय. लोकायले नाई ना. माळ उतरल्यावर कावीळ कशी राहीन? मी काय सांगू त्यायले?"

"खरं सांगा."

ते थोडं हसले, लहान मुलानं काहीतरी विचारल्यावर हसावं तसं. पलंगावर मुलगी पाठ करून झोपली होती. ती जागी होती.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. एरवी वॉर्डातलं मी घरी आणत नसे, पण त्या दिवशी मला कुणाला तरी मूर्ख म्हणायचं होतं. तो ऐकत होता, वाचत असलेल्या पुस्तकात बोट घालून. मग म्हणाला, "ओल्या काड्या आहेत ना? सुकल्या की आकसणार. वेढे सैल होणार, दोरा सुटत जाणार. गळ्याचा काय संबंध?"

रविवारी तो स्कूटर काढून त्या माळवाल्याकडे गेला, नारळ ठेवून माळ घेऊन आला आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला ती टांगली. मी म्हटलं, वयाला शोभत नाही. तो म्हणाला, प्रयोगाला वय नसतं. रोज सकाळी चहा घेताना तो माळेखाली भिंतीवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचा. रेघा खाली खाली उतरत गेल्या. काही दिवसांनी माळ ओट्याला टेकली, तेव्हा त्यानं मला हाक मारली. "ये, बघ. आपल्या खिळ्याची कावीळ उतरली."

मी मनापासून हसले. हसता हसता थांबले. आमची माळ मुलीच्या माळेनंतर आणलेली होती. मुलीची माळ तिच्याआधी पायाला लागायला हवी होती. आणि आदल्या दिवशी मी वॉर्डात पाहिली तेव्हा ती तिच्या छातीवरच होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पलंगाशी बसले. आई आंघोळीला गेली होती. "मान वळव," म्हटलं. मानेमागे, वेणीखाली, दोऱ्याच्या बारीक घट्ट गाठी एकाशेजारी एक बसवल्या होत्या. जेवढी माळ सुटत होती तेवढी ती मागून आत घेत होती. गाठी इतक्या सारख्या होत्या की मला हात लावायचा धीर झाला नाही.

"कुणी शिकवलं?"

"साडीले फॉल लावताना दोरा असाच आत घेतात." मग ती माझ्याकडे वळली. आल्यापासून पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "आत्याले सांगू नका, मॅडम. मले अजून घरी नाई जायचं. मागच्या बारीले असंच नेलं होतं."

"आवाज येतात?"

"येतात. पण आता शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे. काय म्हणतात ते समजत नाई. ते बंद झाल्याबिगर मले नेऊ देऊ नका."

आमच्या पुस्तकांत सुधारणेच्या खुणा दिलेल्या असतात. झोप, भूक, केस विंचरणं, कुणी आल्यावर वर पाहणं. ही खूण त्यांत नाही. जिला महिन्यापूर्वी वेणी घालता येत नव्हती, तिनं वडिलांचं बोलणं पाठ फिरवून ऐकलं, त्यातला धोका ओळखला, उपाय शोधला आणि रोज न चुकता केला. तिच्या सबंध घराण्यात खोटं नीट विचार करून, योग्य कामासाठी वापरणारी ती पहिलीच असावी. मी फक्त म्हटलं, "गाठ फार वर घेऊ नकोस. टोचेल." आणि पुढच्या पलंगाकडे गेले. जनजागृतीच्या पोस्टरवर माझंही नाव असतं. तरी या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटलेली नाही.

आत्या पुन्हा आली तेव्हा माळ जिथल्या तिथे. तिनं ती उचलून पाहिली, सोडली, पुन्हा पाहिली. मुलगी निर्विकार बसून होती.

"बाप्पा! हालली नाई अजून," आत्या म्हणाली. "लय जुनी कावीय दिसते. रुतून बसली."

"मग नेऊ का घरी?" वडील म्हणाले. "तिकडंच दुसरा इलाज पाहू."

"पागल झाला का रे तू? माळ उतरल्याबिगर नेतं का कोणी? राहू दे पोरीले इथंच. डॉक्टरीनबाई, तुमी पक्की करूनच सोडजा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या खोट्यातून निघण्याची वाट त्यांच्याच बहिणीनं बंद केली होती, आणि तिला खरं सांगितल्याशिवाय ती उघडणार नव्हती. खरं सांगण्याची हिंमत त्यांच्यात नव्हती. त्यांच्या भित्रेपणावर मी इतकी वर्षं चिडत आले होते, त्या दिवशी तो माझ्या कामी आला.

मुलगी राहिली. औषधाला हवे होते तेवढे आठवडे मिळाले. ती वरणभात खाऊ लागली, तेलाचा, हळदीचा. शेजारच्या पलंगावरच्या लहान पोराला कागदाची चक्री करून द्यायला लागली. मग एका सकाळी मी पलंगाशी पोचायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, आता सोडू का?"

"टीव्ही?"

"बंद हाय. आठ-दहा दिवस झाले. वाट पाहिली मी, खात्री होऊ दे म्हटलं."

मी हो म्हटलं. तिनं रोज थोड्या थोड्या गाठी सोडल्या, एकदम नाही. माळ पोटावर आली, गुडघ्यावर आली. पायाला टेकली त्या दिवशी आत्या हजर होती. तिनं भाचीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. वडिलांनी वॉर्डात पेढे वाटले. "माळेनं उतरली," आत्या सिस्टरला सांगत होती. "दवाखान्याच्या गोयीनं कायची उतरते कावीय!" मी पेढा खाल्ला. घरी नेऊन अर्धा नवऱ्यालाही दिला.

वडिलांना मी गोळ्यांचं बजावून सांगितलं, आणि मालगाडीची आठवणही करून दिली, अगदी सपाट आवाजात. ती आठवण त्यांना लागू पडली असावी, कारण गोळ्या चालू राहिल्या. घरात त्यांना लिव्हरच्या गोळ्या म्हणत. मोठीचं लग्न झालं. मुलगी दर महिन्याला तपासायला यायची, बारावी झाली, कॉलेजात गेली.

मग गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचे डोळे खरंच पिवळे झाले. मी ते चहाच्या कपावरून पाहिले, आणि कपात साखर नसल्याचं तो सांगत असताना मला त्याचा पुढचा सगळा रस्ता दिसला. आठवडाभरात त्याचा चुलत भाऊ माळ घेऊन आला. मी दारातून परत पाठवणार होते. नवऱ्यानं ती घेतली, आभार मानले आणि भाऊ गेल्यावर मला म्हणाला, "खिळ्याला टांग." मी टांगली. त्याला उठवत होतं तोवर तो रोज रेघ मारत राहिला, जुन्या रेघांच्या शेजारी. त्या दोन्ही ओळी भिंतीवर आहेत. पेंटरला मी तो कोपरा सोडायला सांगणार आहे.

"नाई घातली का माळ?" म्हातारीनं पुन्हा विचारलं. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहण्याचा या लोकांना जन्मसिद्ध हक्क असतो. "माह्या भाचीले पाहा. डॉक्टरायनं हात टेकले होते, माळेनं वाचली. आता तिले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, आर्वीचे. पोरगा बँकेत हाय."

मी मुलीकडे पाहिलं. तिनं ओढणी सारखी केली. बोलताना तिचा आवाज बारीक होता पण कापत नव्हता.

"आत्या, मले कावीळ नव्हती."

"काय?"

"कधीच नव्हती. मले आवाज ऐकू येत होते. मी रुळावर गेलती, ते तुले कोणी सांगितलं नाई. मॅडम डोक्याच्या डॉक्टर हायेत, पोटाच्या नाईत. गोळ्या अजून सुरू हायेत. माळ मी मागून बांधत होती, घरी नेऊ नये म्हणून."

सतरंजीवर शेजारच्या आणखी दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पुलगावच्या घरात इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून झाकलेली गोष्ट एका वीस वर्षांच्या मुलीनं परक्याच्या शोकाच्या घरात, चहा यायच्या आधी सांगून टाकली होती. पाहुणे यायचे होते. तिला त्याची किंमत माहीत होती, माझ्याहून जास्त.

म्हातारीची बोटं लुगड्याच्या काठावरून फिरत होती. मग तिनं मान हलवली, निकाल दिल्यासारखी.

"कावीयच होती ते," ती म्हणाली. "डोक्यात चढली होती. म्हणून तं उतराले येवढी येळ लागली."

"आत्या..."

"पाहुण्यायले कावीयच सांगजो. आवाज-बिवाज नको काढू तिथं."

"आवाजच सांगन," मुलगी म्हणाली. "त्यायले नाई जमलं तं नाई जमलं. नाई सांगितलं तं गोळ्या लपवून खाव्या लागतील मले, आणि लपवून खाल्ल्या का सुटतात. मॅडमले विचार."

म्हातारी माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. अशा वेळी मी गप्प बसते. या वेळी म्हटलं, "ती खरं सांगते आहे. आणि ती माळ, आजी, खिळ्याला टांगली तरी लांबते. आत भिंतीवर रेघा आहेत. पाहायच्या असतील तर दाखवते."

म्हातारीनं माझं बोलणं मनावर घेतलं नाही. घेणार नाही हे मला ठाऊकच होतं. तिनं पिशवीतून चार संत्री काढून सतरंजीवर ठेवली, गुडघ्यांवर हात रेटून उठली आणि भाचीला म्हणाली, "चाल वो, गाडी चुकन."

मुलगी उठली नाही. "तू हो पुढं," ती म्हणाली. "मले रेघा पाह्याच्या हायेत."